क्लोरोफॉर्ममधला हायड्रोजन

"या दोरीला काय लावलंयस गं?" सरांनी विचारलं.

दोरीचं टोक त्यांनी नाकाजवळ धरलं होतं. कॉलेजातला अकरावी सायन्सचा वर्ग, केमिस्ट्रीचा तास. फळ्यासमोरच्या मोकळ्या जागेत आम्ही पाच जण हातात दोऱ्या धरून उभे. दोऱ्या मी आणलेल्या. मिरकरवाड्याहून, माझ्या घरून.

मी माझं टोक घट्ट धरलं.

सरांनी पुन्हा वास घेतला. पेटीतला आंबा हुंगावा तसा, डोळे मिटून. मग वर्गाकडे वळले. टिपणं देताना लावायचे तो आवाज लावला आणि म्हणाले, "ट्रायमिथाइल अमाइन, म्हणजे माशाचा वास, अधिक अत्तर. लिहून घ्या मुलांनो. मिरकरवाड्याचं नवीन संयुग."

वर्ग फुटला. मागची मुलं बाकं वाजवायला लागली. काहींनी खरंच लिहून घेतलं. माझ्यासोबतच्या चौघांनी दोऱ्या खाली टाकल्या. डॉक्टरांच्या मुलाने तळवे पँटला पुसले आणि हात वर केला. "सर, हात धुऊन येऊ?"

"जा. ज्यांना ज्यांना हात धुवायचेत त्यांनी धुऊन या."

चौघं गेले. पुढच्या बाकांवरची मुलंही गेली, जवळजवळ अर्धा वर्ग. त्यांनी तर दोरीला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. नळ वर्गाबाहेरच होता. आधी पाण्याचा आवाज आला, मग हसण्याचा, मग दोन्ही मिसळून. मी माझं टोक धरून उभी. ते सोडून द्यावं हे मला सुचलंच नाही.

तो नळ माझ्या कानात अजून चालू आहे.

दोऱ्या मी हौसेने नेल्या नव्हत्या. आदल्या आठवड्यात सरांनीच मला उभं केलं होतं. "तू बंदरावरची ना? तुमच्याकडे दोऱ्या पडलेल्याच असतात. चार-पाच आण." त्यांना 'जिवंत रेणू' करायचा होता. म्हणजे मुलांना अणू करायचं, हातात दोऱ्या द्यायच्या आणि कोण कुणाला ओढतो ते दाखवायचं. सरांची ही पद्धत रत्नागिरीत नावाजलेली. लोक लांबून मुलं पाठवायचे.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. दहावीपर्यंत मी मराठीत शिकले. 'विद्युतऋणता' म्हटलं की मला कळायचं, 'इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी' म्हटलं की मी वहीत मान घालायची. अकरावी सुरू झाल्यापासून वर्गात मी नुसती बसून होते. आणि सरांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं. रिक्षाची वाट न बघता मी घरी चालत आले, जवळजवळ पळतच.

अब्बा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी होते. त्यांनी जाळ्याच्या जुन्या दोऱ्या काढून दिल्या. चांगल्या मजबूत, पण माशाचं तेल मुरलेलं. अम्मी कोळंबी सोलायला जायची. सोलून आलेल्या बायका आमच्याकडे कोकमाच्या पाण्याने हात धुतात. आंबट लागलं की वास जातो, हे मिरकरवाड्यात पोराटोरांना ठाऊक. दोऱ्या त्या पाण्यात बुडवल्या असत्या तर काम झालं असतं.

पण कॉलेजात जाणारी दोरी! तिला कोकमाचं पाणी कसं लावायचं? घरगुती दिसेल, लाल डाग पडतील, तिथले लोक काय म्हणतील. अम्मीने दुकानातून धुण्याचा सोडा आणला. दोऱ्या भिजवल्या, घासल्या, पत्र्यावर वाळवल्या. वास उलट जास्तच यायला लागला. मग तिने कपाटातून अत्तराची कुपी काढली. कुवेतहून मामूने पाठवलेली. ती ईदला बाहेर यायची आणि लग्नाला, तेही कापसाचा बोळा कानामागे फिरवण्यापुरती. अम्मीने ते अत्तर दोऱ्यांना चोळलं. सगळ्या दोऱ्यांना. कुपी उपडी करून करून.

"घे बाय," ती म्हणाली. "आता कोण नावां ठेवतंय बघू."

दुसऱ्या दिवशी सरांनी क्लोरोफॉर्म करायला घेतला.

"दोन मूलद्रव्यांचं सोपं असतं," ते म्हणाले. "हायड्रोजन आणि क्लोरीन. क्लोरीनची ओढ जास्त, इलेक्ट्रॉन तिकडे झुकले, विषय संपला. खरी गंमत तीन-चार मूलद्रव्यं एकत्र नांदायला लागली की सुरू होते." हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं. अजूनही आवडतं, त्याला काय करू? सर चांगलं शिकवायचे. वाईट शिकवणारा असता तर मी केव्हाच विसरले असते.

मधोमध कार्बन. ती झाली वकिलांची मुलगी. तीन बाजूंना तीन क्लोरीन. एक डॉक्टरांचा मुलगा, आणि दोन आंब्याच्या बागायतदारांची धिप्पाड पोरं. राहिला हायड्रोजन. सरांनी माझ्याकडे बघितलं.

"तू हायड्रोजन. तुला काही करायचं नाही. तुझी ओढ मुळात कमी. नुसती धरून उभी राहा."

मग फळ्यावर आकडे लिहिले. क्लोरीन तीन. कार्बन अडीच. हायड्रोजन त्याहून जरा खाली. "ज्याचा आकडा मोठा तो ओढणार. हे जन्माचं असतं. आवर्तसारणीत ज्याची जी जागा, त्याची ती ओढ."

"ओढा," ते म्हणाले.

तिघांनी ओढलं. कार्बन त्यांच्याकडे सरकली. आणि मीही सरकले. दोरी माझ्या तळव्यांतून सर्रकन गेली, कातडी सोलली, मी धडपडत पुढे आले. वर्ग हसला, पण ते साधं हसणं होतं, मीही हसले. आणि हसता हसता माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं. मला तर क्लोरीनने धरलेलंच नव्हतं. माझी दोरी फक्त कार्बनशी होती. फळ्यावर कार्बनचा आणि माझा आकडा जवळ जवळ. मग मी एवढी खेचली गेले कशी?

मी विचारलं. मराठीत विचारलं. त्या वर्गात तोंड उघडायची माझी ती पहिलीच वेळ.

"सर, क्लोरीनचा हात माझ्यापर्यंत पोचतच नाही. तरी मी सरकले. म्हणजे क्लोरीन जोडले गेले की कार्बनची ओढपण वाढते का? मग त्याचा खरा आकडा कुठला, फळ्यावरचा की हा?"

सरांनी भुवया उंचावल्या. मी शपथेवर सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर कौतुक होतं. "प्रश्न छान आहे," ते म्हणाले. उत्तर द्यायला पुढे आले. समजावून सांगण्यासाठी माझी दोरी हातात घेतली.

आणि मग त्यांना वास आला.

पुढचं सांगून झालंय.

हात धुऊन मुलं परत आली तेव्हा तास संपत आला होता. सरांनी फळा पुसला. "उद्या पुढचा भाग," म्हणाले. माझा प्रश्न फळ्यावर नव्हताच, त्यामुळे तो पुसावाही लागला नाही. मी दोऱ्या गोळा केल्या. कुणी हात लावला नाही. परत जाताना मी त्या जेटीवरून पाण्यात टाकल्या.

घरी अम्मी दारातच उभी होती. "काय म्हणाले गो सर? आवडली दोरी?"

"आवडली," मी म्हटलं. "ठेवूनच घेतली त्यांनी."

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शेजारी सांगून आली ती.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव टीएमए. ट्रायमिथाइल अमाइनचं छोटं रूप. ज्यांना रेणूसूत्र पाठ होत नव्हतं त्यांनाही एवढं बरोबर पाठ झालं. मी वर्गात शिरले की कुणीतरी खिडकी उघडायचं. प्रॅक्टिकलला माझ्या टेबलावर चौघांच्या जागी दोघंच उभी राहायची, तीही एका कडेला. सरांनी ते नाव कधी उच्चारलं नाही. ऐकून फक्त मिशीत हसायचे. शिक्षक मिशीत हसले की मुलांना दुसरी परवानगी लागत नाही.

वास माझ्या मागे लागला. असलेला वास धुऊन जातो, हा नसलेला होता. मी हात लिंबाने चोळायची, व्हिनेगरने चोळायची, सोललेल्या कातडीवर ते झोंबायचं, मग बोटं हुंगायची. आहे. अजून आहे. पालीला मावशीच्या घरी लग्नाला गेले. तिथून समुद्र लांब, ताटात मासा नाही, मांडवभर मोगरा. मला मोगऱ्यात तोच वास. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली की मला वाटायचं, कळलं वाटतं यांना. कुठल्याही खोलीत शिरले की मी आधी खिडकी बघते, मग नळ कुठे आहे ते बघते. पुढे लग्नाचं बघायला माणसं आली. चहा देऊन मी इतकी मागे जाऊन उभी राहिले की त्यांना वाटलं मुलीच्या मनात नाही. त्यांनी नकार कळवला. मला सुटल्यासारखं वाटलं आणि मग स्वतःचाच राग आला.

अम्मीला मी काही सांगितलं नव्हतं. पण माझं ते घासणं ती बघत होती. काय समजायचं ते तिने समजून घेतलं असावं. आधी ती कोळंबीच्या शेडवरून येताना कॉलेजच्या फाटकाशी थांबायची, आम्ही एकत्र घरी जायचो. ते तिने आपणहून बंद केलं. रस्त्याच्या पलीकडे उभी राहायला लागली. मी हाक मारली तरी हाताने खूण करायची, तू चल पुढे.

आणि मी प्रश्न विचारणं सोडलं. बारावी झाली, बीएस्सी झाली. केमिस्ट्रीच घेतली, हट्टाने. पण सगळी वर्षं एकदाही हात वर केला नाही. कळलं नाही तरी कळल्यासारखी मान हलवायची. प्रश्न मनात उगवायचा आणि लगेच कानात तो नळ सुरू व्हायचा. मग मी पेन घट्ट धरून बसायची. किती गोष्टी मला अर्धवटच माहीत आहेत, कुणाला सांगू?

त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला कॉलेजच्या लायब्ररीत मिळालं. शेवटच्या वर्षी, एका जुन्या पुस्तकात. एक परिच्छेद होता, बस. त्यात लिहिलं होतं की तक्त्यातला आकडा म्हणजे अणूच्या ओढीचा सर्वसाधारण अंदाज. एकट्या अणूला त्या आकड्याचा काही उपयोग नाही, ओढ ही कुणाशी तरी जोडल्यावरच दिसते. आणि संयुगात अनेक मूलद्रव्यं असली की नुसत्या जोडीजोडीने बघून भागत नाही. क्लोरीन कार्बनकडून ओढून घेतो, मग इलेक्ट्रॉनांना आसुसलेला कार्बन हायड्रोजनकडून ओढतो. मिथेनमधला कार्बन आणि क्लोरोफॉर्ममधला कार्बन, तक्त्यात एकच, पण वागणं वेगळं. शेजारी बदलले की ओढ बदलते. ती पुढे पुढे पोचते, लांब गेल्यावर क्षीण होते, पण पोचते.

म्हणजे मी बरोबर होते. माझ्या सोललेल्या तळव्यांना ते अकरावीतच कळलं होतं. मी तिथं बसून रडले. आनंदाने नव्हे, संतापाने.

पुढे पोटासाठी मी कुठे गेले असेन? मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत. रत्नागिरीत केमिस्ट्री शिकलेल्या मुलीला आणखी काय मिळणार. परदेशी जाणारा माल ताजा आहे का ते तपासायचं. माशाचा कीस आम्लात ढवळायचा, गाळायचा, झाकणाच्या काचेच्या वाटीत त्यात अल्कली सोडायची आणि सुटणारा वायू मोजायचा. कुठला वायू? तोच. अहवालात एक रकाना आहे, त्याच्यावर तीनच अक्षरं, टीएमए. माझं टोपणनाव मी रोज मोजते आणि खाली सही करते. पहिल्या दिवशी माझ्या हातून वाटी फुटली.

तिथल्याच एका जाडजूड पुस्तकात मी ते वाचलं. समुद्रातल्या जिवंत माशाच्या अंगात हा वायू नसतोच. तिथं जे असतं त्यात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आहेत आणि चौथा ऑक्सिजन. नायट्रोजनने आपली मोकळी इलेक्ट्रॉनची जोडी ऑक्सिजनला दिलेली असते आणि ऑक्सिजन ती आपल्याकडे ओढून धरून बसलेला असतो. चौघं एकत्र आहेत तोवर वास नाही. मासा मेला की जंतू तो ऑक्सिजन काढून नेतात. मागे जे उरतं, त्याला वास येतो. म्हणून तर अब्बांनी होडीतून उतरवलेल्या सरंग्याला कधी वास येत नसे. हे मला चालता यायला लागल्यापासून माहीत होतं आणि मी ते विसरून गेले होते. आणखी एक कळलं. सोड्याने हा वायू मोकळा होतो, आंबटाने बांधला जातो. म्हणजे अम्मीच्या कोकमाच्या पाण्याने दोरी सुधारली असती. आमचा साधा उपाय कॉलेजला शोभणार नाही असं तिला वाटलं, आणि तिने दुकानातला चांगला उपाय केला. कॉलेजचा मान राखायला गेली बिचारी.

त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. मला अम्मीची ती उपडी कुपी दिसत राहिली.

गेल्या वर्षी सरांचा फोन आला. ते कॉलेजातून निवृत्त झालेत. आता त्यांचा स्वतःचा क्लास आहे, वातानुकूलित हॉल, चौकात मोठा फलक. "अगं, ओळखलंस का? तुझं कळलं मला. मिरकरवाड्यातली पहिली केमिस्ट! नवीन बॅचच्या उद्घाटनाला ये. सत्कार करायचाय तुझा."

मी नाहीच म्हणणार होते. पण नाझनीन होती. माझ्या भावाची मुलगी, त्याच वर्षी दहावी झालेली. भाऊ दोह्याला, ती माझ्या आणि अम्मीच्या हाताखाली वाढलेली. नाझनीन म्हणजे प्रश्नांचं मोहोळ. भाकरी का फुगते, काजवा पेटतो कसा, फुफी हे सांग, फुफी ते सांग. तिला त्याच क्लासला जायचं होतं, कारण सगळ्या हुशार मुली तिथं जाणार होत्या. अम्मी म्हणाली, "जा गो. तुझ्या ओळखीने पोरगी पुढच्या बाकावर बसंल." मी गेले. नाझनीनला घेऊन गेले.

हॉल भरलेला. मुलं, आईबाप. माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. फोटो झाला. मग सरांनी माइक घेतला.

"हिची एक मजा सांगतो," ते म्हणाले. आणि सांगितली. बंदर, दोरी, अत्तर, 'मिरकरवाड्याचं नवीन संयुग', सगळी. हात धुवायचा भाग तेवढा गाळला. इतक्या प्रेमाने सांगितली की आईबापही पोट धरून हसले. "आम्ही हिला टीएमए म्हणायचो! आणि बघा, आज ही तेच मोजते. याला म्हणतात नियती."

आम्ही म्हणायचो. तेव्हा कधी म्हणाले नाहीत, आता माइकवरून म्हणाले.

मी शाल पांघरून बसलेली. नळ सुरू झाला होता. बोटं आपोआप नाकाकडे निघाली, ती मी मांडीखाली दाबली.

मग सरांनी दोऱ्या मागवल्या. दुकानातल्या, पांढऱ्याशुभ्र, नायलॉनच्या. "चला, परंपरेप्रमाणे जिवंत रेणू. क्लोरोफॉर्म." कार्बन निवडला, क्लोरीन निवडले. मग दुसऱ्या रांगेत बसलेल्या नाझनीनकडे बोट केलं. "आणि हायड्रोजन आपली ही. आत्यासारखीच मिरकरवाड्याची. ये बाळ. घाबरू नकोस, ही दोरी धुतलेली आहे."

पुन्हा हशा. नाझनीन उठली. तिने माझ्याकडे बघितलं, आणि बघता बघता उजवा हात हळूच नाकाजवळ नेला.

माझ्या आत काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी उठले एवढं खरं.

"बस खाली," मी तिला म्हटलं. "जायचं नाही."

सरांच्या हातातला माइक मी मागून घेतला. त्यांना वाटलं आभार मानते आहे. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. क्लोरीन कार्बनला ओढतो, मग कार्बनच्या दुसऱ्या बाजूचा हायड्रोजन का खेचला जातो? कार्बनची ओढ बदलते का? उत्तर राहिलंय."

सर हसले. दुसरा माइक घेतला. "अजून लक्षात आहे तुझ्या! हो, बदलते. क्लोरीनमुळे कार्बनवर इलेक्ट्रॉन कमी पडतात, तो हायड्रोजनकडून ओढतो. ओढ साखळीतून पुढे जाते. तक्त्यातला आकडा सर्वसाधारण, संयुगात शेजाऱ्यांप्रमाणे फरक पडतो. कळलं?"

अचूक. एक शब्द इकडचा तिकडे नाही. हॉलने टाळ्या वाजवल्या. सरांना.

टाळ्या थांबेपर्यंत मी थांबले. माइक दोन्ही हातांनी धरला.

"सर, हे सांगायला तुम्हाला अर्धं मिनिट लागलं. त्या दिवशीही अर्धंच मिनिट लागलं असतं. तुम्ही ते वर्गाला हात धुवायला दिलंत. मी दोरी धरून उभी होते आणि तुम्ही म्हणालात, ज्यांना ज्यांना हात धुवायचेत त्यांनी धुऊन या. अर्धा वर्ग गेला. ज्यांनी दोरीला हात लावला नव्हता तेही गेले. हे मघाशी सांगायचं राहिलं तुमचं. त्यानंतर मी आजपर्यंत वर्गात प्रश्न विचारलेला नाही."

सरांनी माइक या हातातून त्या हातात घेतला.

"अगं, मस्करी होती ती," सर म्हणाले. "किती मनाला लावून घेतलंस!"

"मस्करी केल्यावर कुणी हात धूत नाही, सर."

शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. नारळ तिच्यावर ठेवला. नाझनीनचा हात धरला आणि आईबापांच्या रांगांमधून बाहेर आले. आमच्यासाठी पाय बाजूला घेताना कुणी मान वर केली नाही. एकाही माणसाने.

रिक्षात नाझनीन बाहेर बघत होती. मग म्हणाली, "फुफी, मला पण विचारायचं होतं काहीतरी. आता तिकडे जाता येणार नाय ना?"

"नाही," मी म्हटलं. मी तिला खोटं सांगितलं नाही. तिचं नुकसान झालं आहे. रत्नागिरीत तसं शिकवणारा दुसरा क्लास नाही. रविवारी आणि कामावरून आल्यावर मी तिला शिकवते. मला येत नाही ते आम्ही दोघी शोधतो. पुरत नाही. मैत्रिणी पुढे जाताना ती बघते आणि कधी कधी माझ्यावर चिडते. चिडू दे.

घरी अम्मीने कपाळाला हात लावला. "कशाला गो बोललंस? झाकली मूठ सव्वा लाखाची. इतकी वर्सां गप्प होतीस ना?"

तेव्हा मी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. सोडा, अत्तर, हशा, नळ, जेटीवरून टाकलेल्या दोऱ्या.

ती ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, "म्हंजे दोरी आवडली नव्हती त्यांना?"

इतकी वर्षं तिला वाटत होतं, आवडली होती.

त्या दिवसापासून अम्मी हात हुंगते. भाजी चिरून झाली की हुंगते. नमाजाआधी वजू करते तेव्हा पाणी उगाच जास्त घेते. मी बघते. तो वास आता माझ्या घरात आहे. माझ्यापाठोपाठ तिलाही लागला, आणि पोरीलाही लागता लागता राहिला. माझं भूत उतरलं असं कुणी समजू नये. उतरलेलं नाही. अजूनही नळ वाजला की मी मागे वळून कोण उठून गेलं ते बघते.

कारखान्यात मॅनेजरनी बोलावलं. "मॅडम, सरांची आणि आपल्या मालकांची जुनी ओळख आहे. एक फोन करा, सॉरी म्हणा, विषय संपवा." मी नाही म्हटलं. त्यांनी मला बघून घेण्याची भाषा केली नाही, फक्त डोळे कागदांकडे वळवले. माझी नोकरी अजून आहे. उद्याचं माहीत नाही.

मग सरांचा मेसेज आला. "माझ्या मनात काही नाही. मुलीला पाठव, पुढच्या बाकावर बसवतो. फक्त एकदा येऊन वर्गासमोर दोन शब्द बोल, म्हणजे मुलांचा गैरसमज दूर होईल."

नाझनीनला मी तो वाचून दाखवला. तिचं वय आहे कळायचं. तिने विचारलं, "दोन शब्द म्हणजे कुठले?" मी सांगितलं, माफीचे. तिने मान हलवली, नाही.

मी सरांना लिहिलं, "माफी तुम्ही मागायची आहे. माझी नंतर मागा, आधी माझ्या आईची. तुमच्याच हॉलमध्ये, माइकवर, जितकी माणसं त्या दिवशी हसली तितक्यांसमोर. मुलगी तोवर येणार नाही. मी गप्प बसणार नाही."

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

वर मी कुठेही सरांचं नाव घेतलेलं नाही, कॉलेजचंही नाही. ती भीती नव्हे, मुदत आहे. क्लासची पुढची बॅच सुरू होईल तोपर्यंतची. त्या दिवशी मी त्या हॉलच्या दारात उभी असेन, आत जाणाऱ्या एकेका आईबापाला थांबवीन आणि नाव घेऊन सांगेन.